हस्तक्षेप

पर्वरीला, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलावर
विधेयक आलं तेव्हा त्याला धड नावही नव्हतं.
इंग्रजीतली एकोणीस पानं, कडेला कुणाच्या तरी चहाचा गोल
आणि मणेरीकर साहेबांची चिठ्ठी:
शुक्रवारपर्यंत मराठी पाठ हवा.

पहिल्याच ओळीत अडले.
कोशात शब्द तयार होता, हस्तक्षेप.
हस्त अधिक क्षेप. हात टाकणे.
तो आमच्या घरात होऊन गेला होता
सगुणवर, दोनदा.
एकदा वडिलांचा, देवघरातली समई गेली तेव्हा.
एकदा माझा.
माझा जास्त लागला. बांगडी फुटली,
काच त्याच्या भुवईत गेली.

‘हात देणे’ असं लिहून पाहिलं.
साहेब हसले, वाईट नाही हसले.
म्हणाले, बाई, कायद्याला हात नसतात,
कलमं असतात.
मी खोडलं.

सगुण खाणीवर ट्रक चालवायचा,
दिवसाला नऊ खेपा, लाल धूळ कानाच्या पाळीमागेसुद्धा.
उसगावच्या उतारावर गाडी कलंडली, कंबर गेली,
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या दहा दिवसांच्या.
मग खाणी बंद झाल्या.
ट्रक अंगणात उभा, टायरांत पाणी, पाण्यात बेडूक,
आणि ते दहा दिवस काही संपेनात.
कंबर कधीच बरी झाली, असं तोच एकदा म्हणाला,
दुखतंय ते दुसरंच. त्याला जागा नाही.

कलम चार: तीस दिवसांच्या आत.
कलम सात: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात.
मी ‘प्रत्येक’वर थांबले.
तेव्हा उपचाराची गोळी बांबोळीलाच मिळायची,
साखळीहून दोन बस,
आणि रांगेतला पुढचाच माणूस वळून हळूच विचारायचा,
दुसरं काही हवंय?
‘प्रत्येक’ मी दोनदा तपासला.
रफार, काना, मात्रा, जे जिथं हवं तिथं होतं.

‘व्यसनी’ मात्र काढत गेले.
‘रुग्ण’ चालेल, साहेब म्हणाले होते.
एकेचाळीस ठिकाणी,
तांदळातले खडे वेचावेत तसे, चष्मा पुसून पुसून.

विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं,
जेवणाच्या सुट्टीआधी, अकरा मिनिटांत.
त्यातली चार मिनिटं एक आमदार
आपल्या मतदारसंघातल्या पुलावर बोलले.

आता दर सोमवारी साखळी.
सिस्टर एस्पेरांसा गोळी जिभेखाली ठेवायला लावते
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.
उलयनाका हां. गिळनाका.
सात मिनिटं सगुण गप्प बसतो,
श्राद्धाच्या पंगतीतही जो कधी गप्प बसला नाही.
गेल्या सोमवारी पुरवठाच आला नव्हता.
कलम सात सिस्टरच्या कानावर नव्हतं.
तिनं शेवटचं पाकीट उघडून
तिघांना अर्धी अर्धी दिली.

या खेपेला मी राजपत्राची प्रत नेली.
वाचायला म्हणून दिली त्याला बाकावर,
खरं तर मिरवायला.
तो बोट फिरवत वाचत गेला,
ट्रकची कागदपत्रं वाचायचा तसा, काहीही न सोडता.
शेवटच्या पानावर परिशिष्ट ब,
तक्त्यातला तिसरा रकाना, बारीक टाइप.
तिथं बोट थांबलं.

व्यसनीचे नाव.

बेचाळिसावा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलेलं,
भुवईतली रेघ अजून दिसते.
शुद्धिपत्रक काढता येतं, मी म्हणाले,
सात-आठ दिवस लागतात.
तीन मिनिटं उरली होती.
दोघांपैकी मीच बोलू शकत होते
आणि मला काही सुचेना.

त्यानं माझ्या पर्समधलं पेन घेतलं,
गुडघ्यावर कागद धरला
आणि त्या रकान्याखालच्या मोकळ्या चौकटीत
आपलं नाव लिहिलं. सगळं. वडिलांच्या नावासकट.

मग सिस्टरनं मान हलवली तसा थुंकी गिळून म्हणाला,
चल, साडेअकराची बस चुकेल.